वाढत्या अंगाचा फ्रॉक

“मुदत किती लिहू?” नोटरीच्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

“सहा महिने,” धाकटी म्हणाली. जरा जास्तच पटकन.

टेबलावर कागद होता. धाकटीच्या लेकीची, गोटीची शाळा, दवाखाना, दुखणंखुपणं, जिथे म्हणून आईची सही लागते तिथे आता मावशीची चालेल, असा. परवा धाकटी परदेशातल्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाणार होती. करार तीन वर्षांचा, मधे सुट्टी नाही. तो पर्समध्ये घडी करून ठेवला होता आणि त्याबद्दल तिने सख्ख्या बहिणीलाही अवाक्षर सांगितलं नव्हतं. तीन वर्षं म्हटलं असतं तर थोरलीने साफ नाही म्हटलं असतं, आणि गोटीने रडून घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून सहा महिने. पुढचं पुढे.

“वर्षाची घालू का बाई? पुन्हा हेलपाटा नको.”

“अहो, सहा महिने म्हणतेय ना ती!” थोरली हसली. “तेवढे दिवस सांभाळेन या भवानीला कशीबशी. मला साधं बटणसुद्धा लावता येत नाही. फ्रॉक फाटला की पंचाईत!”

गोटी बाकावर पाय हलवत बसली होती. आठ वर्षांची, आईच्या मशीनच्या पायाशी खेळत वाढलेली. अंगात शाळेचा नवा फ्रॉक, कालच शिवून झालेला. खालची दुमड उलटून ती आतलं कापड बोटांनी मोजत होती.

“आई, यात तीन बोटं कापड आहे.”

“वाढत्या अंगाचा शिवलाय गं. गप्प बस जरा.”

“पण तू तर दरवर्षी एकच बोट सोडतेस.”

कारकुनाचं पेन थांबलं. थोरलीने आधी फ्रॉककडे पाहिलं, मग बहिणीकडे. धाकटीने पर्स पोटाशी घट्ट धरली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस तोंड सांभाळलं होतं तिने, कापड बेतताना हातांकडे लक्षच राहिलं नव्हतं.

“ताई, मी सांगणारच होते...”

“कधी? विमानात बसल्यावर?”

धाकटीला आता वाटलं, ताई नाही म्हणाली असती तर म्हणाली असती, पण तिला विचारायला तरी हवं होतं. निदान पोरीला तरी.

“मग काय लिहू?” कारकुनाने हळूच विचारलं.

थोरलीने पदराने चेहरा पुसला. बहिणीकडे न बघताच ती म्हणाली, “तीन वर्षं लिहा.”

कारकुनाने मुदत लिहिली. गोटी रडली नाही. तिने दुमड पुन्हा जागच्या जागी नीट बसवली, गुडघ्यावर हाताने सारखी केली आणि आईजवळ येऊन उभी राहिली.

“मावशीला शिवता येत नाही गं आई,” ती म्हणाली. “उसवायचं मला येतं. शिवायचं तेवढं परवापर्यंत शिकवशील?”