रिकाम्या टाकीतला फेस

“मासा एकही नाही, मग घाण कुणाची?” टाकीच्या काचेला नाक लावून नवरा पुटपुटला.

आमची ही पहिलीच खाऱ्या पाण्याची टाकी. पंप, दिवे, कोरडे खडक, सगळं त्याने महिनाभर पारखून घेतलं. दुकानदाराने पाकिटातलं मीठ सुचवलं, तर ते नाकारून पठ्ठ्याने थेट समुद्रातून कॅन भरून आणले.

मासे यायला अजून अवकाश होता. तोवर घाण फेसाबरोबर वर काढणाऱ्या यंत्राचा कप कोरडा राहायला हवा होता. तो रोज सकाळी काठोकाठ भरलेला असायचा.

“खरं सांग, तू गुपचूप खाद्य टाकतेस ना?”

“तुला वाढते तेवढं पुरे,” मी म्हटलं. पण माझा संशय सासूबाईंवर होता. थोरले दीर बुडाल्यापासून त्यांनी समुद्राचं नावही काढलं नव्हतं, आणि आता त्या टाकीसमोरून हलत नव्हत्या.

नवऱ्याने झाकणाला कुलूप लावलं, किल्ली उशाखाली ठेवली. सकाळी कप ओसंडत होता.

त्याने पाणी उपसायला नळी आणली. सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

“उपसू नकोस रे. आत तुझा दादा आहे.”