स्टार्टिंगवर उभी

“ताई, गाडी भाड्यानं देता का?” डिपस्टिक फडक्यावर पुसत मेकॅनिक गोकुळनं विचारलं.

नीलिमाच्या कपाळाला आठी पडली. वर्कशॉपवाल्यांची ही रीत तिला पाठ होती. आधी गाडीत खोट काढायची, मग नको ती कामं गळ्यात मारायची. एरवी सर्व्हिसिंगला हेमंतच यायचा; आज त्याच्या धाग्याच्या कंपनीत ऑडिट होतं म्हणून तो बसनं गेला आणि हे लचांड तिच्याकडे आलं.

“घरची गाडी आहे. टोकरखाड्याहून कंपनी आणि कंपनीहून घर. रीडिंग बघा ना, चाललीय कितीशी?”

“तेच सांगतोय ना. चाललीय कमी अन् ऑइलचं पार डांबर झालंय. पुस्तकात वर्षातून एकदा बदला लिहिलंय, पण ते नॉर्मल चालणाऱ्या गाडीचं. ही स्टार्टिंगवर उभी राहते, ताई. इंजिन चालू, एसी चालू अन् गाडी जागच्या जागी. अशा गाडीला सहा महिन्यातच सर्व्हिस लागते.” त्यानं बोनेटमधून डोकं बाहेर काढलं. “कोण बसतं एवढा टाइम?”

“कोणी नाही,” नीलिमा फटकन म्हणाली.

म्हणाली खरी, पण मनात पाल चुकचुकलीच. उन्हाळ्यापासून हेमंतच्या मीटिंगा वाढल्या होत्या. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तरी उशीर. घरी यायचा तो गप्प गप्प. जेवताना भाजी कुठली हेही त्याला कळत नसे. आणि शर्ट कसा, सकाळी चढवला तसाच, घामाचा डाग नाही. एसी लावून उभ्या गाडीत माणूस एकटा कशाला बसेल?

गोकुळ पलीकडे वळलेला पाहून तिनं पुढचं दार उघडलं. बाजूच्या सीटचा वास घेतला. सीटखाली हात घालून चाचपलं. एखादी क्लिप, एखादा लांब केस. पन्नाशी उलटलेल्या नवऱ्याच्या गाडीत आपण हे काय शोधतोय, असं वाटून तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं, पण हात थांबेना. काहीच सापडलं नाही. आणि काहीच न सापडणं तिला जास्त संशयाचं वाटलं.

“उभी पण एकाच झाडाखाली राहते,” गोकुळ पुढून म्हणाला. काचेखालच्या पन्हाळीतून त्यानं ओंजळभर फुलं उपसून काढली. बहुतेक वाळून तपकिरी झालेली, दोन-चार अजून पांढरी, लांब देठांची. “हे बघा. बुचाची फुलं.”

कंपनीत गाड्या पत्र्याखाली लागायच्या. त्यांच्या टोकरखाड्याच्या बिल्डिंगपाशी तर झाड म्हणून नव्हतं. सिल्वासात बुचाची झाडं चार ठिकाणी असतीलही, पण नीलिमाच्या डोळ्यांपुढे एकच उभं राहिलं. डोकमर्डीतलं, रसिकाच्या बिल्डिंगच्या फाटकाला लागून असलेलं.

रसिका त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिनं भावेशशी लग्न केलं. भावेश हेमंतच्याच हाताखाली मशीनवर होता. “तिच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही आणि या घरातलं कोणीही ठेवायचं नाही,” असं हेमंत म्हणाला होता, आणि नीलिमानं मान डोलावली होती. तेव्हापासून ती दर बुधवारी भाजीच्या निमित्तानं रिक्षा करून डोकमर्डीला जायची. फाटकापाशी पडलेली बुचाची फुलं वेचायची आणि वर जाऊन लेकीच्या ओंजळीत घालायची. आपलं हे जाणं तिनं नवऱ्यापासून लपवलं होतं. रसिकाला सातवा महिना लागलाय, हेही.

गेल्याच बुधवारी रसिका म्हणाली होती, “आई, भावेश सेकंड शिफ्टला गेला की खाली एक पांढरी गाडी येऊन थांबते. इंजिन चालूच असतं. वरून नुसतं छप्पर दिसतं. कोण पाळत ठेवतंय कोणास ठाऊक. भावेश पोलिसात तक्रार करणार आहे.”

पांढऱ्या गाड्यांना काय तोटा? कडी लावून बसत जा, एवढंच नीलिमा तिला म्हणाली होती. ही गाडीही पांढरीच, गेल्या दिवाळीत घेतलेली. रसिकानं ती पाहिलेलीच नव्हती.

नीलिमाला आधी हसू आलं. मग सीटखाली चाचपणाऱ्या आपल्या हाताची लाज वाटली. तिनं हेमंतला फोन लावला.

“काय गळ्यात मारलं त्यांनी?” हेमंतनं विचारलं. मागे मशीनची घरघर ऐकू येत होती.

“काही नाही. म्हणतात, गाडी चालू ठेवून बुचाच्या झाडाखाली उभी करू नका.”

घरघर तेवढी येत राहिली. मग कुठलंसं दार लागल्याचा आवाज आला आणि ती थांबली.

“मी वर गेलेलो नाही, नीलिमा.” त्याचा आवाज अगदी खाली आला होता. “फाटकाच्या आतसुद्धा नाही. बोललो होतो ते मी मोडलेलं नाही.”

“मी मोडलंय,” ती म्हणाली. “दर बुधवारी.”

“कशी आहे ती?” त्यानं विचारलं.

“पोरगी घाबरते हो. भावेश पोलिसात जायला निघालाय.” तिनं डोळे पुसले. “तुम्ही वर जाऊ नका. आज तीच खाली येईल, मी सांगते तिला. बाजूची सीट तेवढी मागे सरकवून ठेवा. तिला आता जागा लागते.”