रागवायला बंदी

"साहेब, भित्र्या माणसाचं रक्त कसं लागतं हो?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. भर दुपारी काळे पडदे ओढून रक्तपिशाच्चांचे तपासनीस आमच्या वर्गात आले होते.

"कडूजहर! थुंकावंच लागतं," ते हसले. "म्हणून तर तुमचं राज्य जिंकल्यावर पहिला कायदा केला, मुलांना कुणी रागवायचं नाही, घाबरवायचं नाही. नाव काय गं तुझं, धीट पोरी?"

"इलिंका," मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी ते यादीत लिहिलं. "पौर्णिमेला न्यायला येतो हं."

मागचं खिदळणं एकदम थांबलं.

घरी आई माझ्या सहा वर्षांच्या भावाला, मिरोनला, मधाची लापशी भरवत होती. मी त्याच्या दोन कानफटात वाजवल्या. आजवर त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. तो थरथरत आईच्या मागे लपला.

"वेड लागलं का तुला?" बाबा म्हणाले, तेही हळू आवाजात. मोठ्यांदा बोलायची सवयच नाही त्यांना.

"बाबा, माझं नाव यादीत गेलंय. मला आता घाबरायला शिकवून उपयोग नाही," मी म्हणाले. "पण पौर्णिमेपर्यंत मिरोनला मी रोज मारणार आहे. त्यानंतर तुम्ही मारायचं."