तांबड्या ग्रहावरची तारा

‘जेवलास का?’

शिवशंकर अंघोळीला गेला होता आणि त्याचा मोबाइल ओट्यावर उताणा पडला होता. सत्यशीलानं लाटणं हातात तसंच धरून वाचलं. मेसेज तो खेळायचा त्या ग्रहांच्या गेममध्ये आला होता. नाव, तारा. शेजारी चित्र, चंदेरी पोशाखातली, उंच मानेची बाई.

तो बाहेर आल्यावर तिनं पोळी उलटत विचारलं, "अहो, ही तारा कोण?"

"टीममधली हाय. गावाकडचं कुणीतरी."

"कुणीतरी म्हंजे? नाव-गाव?"

"म्या इचारलं न्हाई."

"का बरं?"

डोकं पुसता पुसता त्याचा हात थांबला. "इचारलं की खेळणं बंद होईल," एवढंच म्हणाला आणि मोबाइल घेऊन आत गेला.

गाव म्हणजे हदगावकडचं. तिथं सत्यशीलाला जागा नव्हती. शिवशंकरची आई तो लहान असतानाच गेलेली. वडिलांनी, रामकिशनरावांनी, एकट्यानं त्याला वाढवलं आणि मेव्हण्याला शब्द देऊन ठेवला, तुमची शिवकन्याच सून करून आणतो. मामाची मुलगी, हक्काची. शिवशंकरनं तो शब्द मोडून लातूरच्या सत्यशीलाशी लग्न केलं. जोडीनं पाया पडायला गेले, तेव्हा म्हातारा उंबऱ्यातच आडवा उभा राहिला. "मला पोरगा न्हाई," म्हणाला. तेव्हापासून येणं नाही, फोन नाही. सृष्टी जन्मली तरी नाही.

शिवकन्येचं लग्न अजून जमलेलं नव्हतं, हे मात्र सत्यशीलाच्या कानावर होतं. शेतीची पदवी घेतलीय, हेही.

त्याच दुपारी सृष्टी झोळीत झोपल्यावर तिनं तो गेम आपल्या मोबाइलवर उतरवून घेतला. आधी म्हणे आपलं माणूस घडवायचं. नाक, डोळे, उंची. तिनं उंची भरपूर घेतली आणि नाव ठेवलं धृती.

मग एकदम तांबडा ग्रह. दोन चंद्र, धुळीची वादळं, पाठीवर हवेची टाकी. कुणी भेटलं की त्याला काय उत्तर द्यायचं ते आपण निवडायचं आणि पुढचं सगळं त्यावर ठरायचं. सत्यशीलाला याचंच लई नवल वाटलं. घरात उत्तर सुचायच्या आत कुकरची शिट्टी व्हायची. इथं ती बोलली की लोखंडी दारं उघडत होती. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ती झोका देत खेळायची. कधीकधी कशासाठी आलोय तेच विसरायची. मग तारा दिसायची.

शिवशंकरच्या टीममध्ये ती धृती म्हणून शिरली होती. बाकीचे बंदुका घेऊन राक्षसांमागं पळत. तारा काचेच्या घुमटाखाली पेरत बसायची. तिच्या घुमटाइतकं दाट पीक ग्रहावर कुणाचंच नव्हतं. एकदा वादळात धृतीची हवा संपत आली. सगळे पुढं निघून गेले, तारा तेवढी मागं फिरली आणि आपली टाकी तिला देऊन टाकली. ‘घाबरू नको,’ लिहिलं.

वैरीण आवडायला लागली, याचाच सत्यशीलाला जास्त राग आला.

टीमच्या गप्पांत तारा शिवशंकरला काय काय विचारायची! खोकला गेला का. लेकीला दात आला का. बायको एकटीच सांभाळती का. आणि तो पठ्ठ्या सगळं सांगायचा.

"बायको एकटीच सांभाळती का म्हणून इचारती गं! तिला काय करायचंय?" तिनं नांदेडला बहिणीला फोन लावला.

"घराची मापं घेऊन राहिली, दुसरं काय!" पुनम म्हणाली. "अक्का, बोलवून घे तिला इकडं. झिंज्या तू धर, पोरगी मी धरते."

"तुला चेष्टा सुचतीय. माझा संसार चाललाय इथं."

"म्हणूनच म्हणते, समोरासमोर होऊन जाऊ दे."

सत्यशीलानं गेममध्येच एकट्या ताराला लिहिलं, ‘मी त्यांची बायको. मला सगळं कळलंय. समोर या.’

तारा पिकात उभी होती ती उभीच राहिली. बराच वेळ. मग दिसेनाशी झाली.

त्या दिवशी ‘जेवलास का’ आलं नाही. शिवशंकर मोबाइल पुनःपुन्हा उघडून बघत होता. ताटातली भाकरी तशीच राहिली. सत्यशीलानं ताट उचललं, डोळे पुसले.

दुसऱ्या दुपारी उत्तर आलं. ‘गुरुवारी नांदेडच्या बसस्टँडवर ये. हदगावच्या गाडीपाशी. त्याला सांगू नको. पोरीला आण.’

पोरीला कशाला? पण तान्ह्या लेकराला ठेवणार कुठं? बहिणीकडं जाते सांगून सृष्टीला घेऊन निघाली. गाडीत सगळ्या वाटेनं ती मनात शब्द जुळवत होती. माझ्या घरात डोकावू नका. माझ्या लेकराचं नाव तोंडात घेऊ नका.

फलाटावर पुनम आधीच येऊन उभी होती. हदगावची गाडी लागली. सत्यशीलानं उतरणारी एकेक बाई निरखली. एक कॉलेजची पोरगी, डोळ्यांवर काळा चष्मा, मान उंच. सत्यशीला पुढं सरकली. पोरगी तिला ओलांडून एका मोटारसायकलीकडं पळाली. मग भाजीचं गाठोडं घेतलेली एक बाई. मग कुणीच नाही.

"भ्याली," पुनम म्हणाली. "भ्यायलाच पायजे."

तेवढ्यात दाराचा दांडा धरून एक म्हातारा सावकाश खाली उतरला. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल. मोबाइल दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, आणि पडद्यावर काचेच्या घुमटात, दाट पिकात, तारा उभी. तो चार पावलांवर थांबला. त्याची नजर सत्यशीलाकडं नव्हती, तिच्या कडेवर होती, आणि पुढं यायचा त्याला धीर होत नव्हता.

सत्यशीलानं घाईघाईनं ओढणी डोक्यावर घेतली आणि सृष्टीला सासऱ्यांपुढं धरलं.