नथ्थूभाऊंची घडी

चामोर्शीच्या आठवडी बाजारात, भंगारवाल्याच्या ढिगात पुष्पलताबाईंना एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ सापडलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना जुनी घड्याळं दुरुस्त करायचा नादच लागला होता. महिनाभर खपून त्यांनी ते चालू केलं. झाकणाच्या आतून कोणीतरी सुईने नाव कोरलं होतं : नथ्थू मडावी, मोहर्ली. बाई दोन बस बदलून घड्याळ द्यायला गेल्या.

नथ्थूभाऊ अंगणात एकटेच मोहफुलं वाळवत बसले होते. घड्याळ पाहताच त्यांचा चेहरा खुलला. कानाशी धरून त्यांनी ते बराच वेळ ऐकलं, आणि मग बाईंच्या हातात परत दिलं.

"काऊन भाऊ? बरोबर चालत नाही का?"

"घडी मस्त चालून राह्यली, बाई. मी इकली तवाही चालूच होती."

"मग विकली कशाला?"

"बायको गेली. पोरगी लगन होऊन गेली. मंग एक दिवस घरात बसलो होतो, तं हातातल्या घडीची टिकटिक आयकू आली. तोवर कधीच आली नोहती." त्यांनी समोरची मोहफुलं हाताने परतली. "तुमच्या घरी माणसं असतीन, गलबला असन. तिथी नाई आयकू येणार. तुमीच ठेवा."

"हो, गलबला असतो," असं म्हणून बाईंनी घड्याळ पर्समध्ये ठेवलं आणि त्या उठल्या.

घरी त्यांची तेवीस घड्याळं चालू होती. रोज सकाळी त्या न चुकता प्रत्येकाला चावी देत, कारण घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता.