गाळलेलं अक्षर

“यातले तुमचे वडील नक्की कोणते?” नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने चार उतारे टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

“चारही तेच,” वेलांटीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता त्यांना हे नाव पडलं होतं. दुसऱ्याची चूक त्यांना लांबून दिसायची. आता धाकट्या भावाच्या आग्रहाखातर घराण्याचा इतिहास छापायला घेतला, तर पहिल्याच पानावर घरची चूक आडवी आली. जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदीत वडिलांचं आडनाव बरोबर होतं. पुढे दुकानाच्या परवान्यात आणि भावाच्या जन्मनोंदीत मात्र मधलं एक अक्षरच गायब.

“काय करायचे वडील?”

“शिंपी.”

“मग बरोबर आहे. अक्षरातही कापड वाचवलं!” कारकून स्वतःच्याच विनोदावर खूश झाला.

वेलांटीबाईंचे कान तापले. “जुन्या नोंदी कारकुनांनी लिहिल्यात,” त्या म्हणाल्या. “पुढच्या बाबांनी स्वतः भरल्या.”

आणखी काही सांगायची गरजच उरली नाही. रांगेतल्या माणसांनीही माना डोलावल्या.

लहानपणी दुकानाच्या दारावर तेच लंगडं आडनाव हातहात उंच अक्षरांत झळकायचं. मैत्रिणी बरोबर असल्या की वेलांटीबाई मागच्या गल्लीने घर गाठत. चुलते तर बाबांना ‘अर्धवट’ म्हणूनच हाक मारायचे, आणि बाबाही ‘ओ’ द्यायचे. नोकरी लागल्यावर वेलांटीबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर स्वतःचं आडनाव रीतसर दुरुस्त करून घेतलं. अर्जात कारण लिहिलं, ‘वडिलांचे अज्ञान’. खाली वडिलांची सही लागत होती. बाबांनी चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला आणि सही केली. तीही चुकीचीच.

घरी पोचल्या तेव्हा बाबा खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होते. हात थरथरत होते, पण ते काम ते दुसऱ्याला करू देत नसत. शेजारी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, भाजी निवडत होती.

वेलांटीबाईंनी उतारे बाबांच्या मांडीवर टाकले. “बघा. आज परक्या माणसासमोर मान खाली घालावी लागली मला. गावभराची मापं बिनचूक घेतलीत, स्वतःचं नाव तेवढं धड लिहिता आलं नाही?”

बाबांनी कागद हाताने सरळ केले. “राहून गेलं खरं.”

“मग पुस्तकात काय छापू? वडील अडाणी होते म्हणून?”

“छाप की. कोणाचं काय बिघडतंय?” बाबा हसले.

त्यांचं ते हसणं पाहून वेलांटीबाईंना जास्तच लाज वाटली. माणसाला आपल्या चुकीचं काहीच वाटू नये?

आत्याने हातातली जुडी ताटात आपटली. “पुरे झालं हं आता! शुद्धलेखनात याचा वर्गात पहिला नंबर असायचा.”

“अक्का, तू गप्प बस.”

“आयुष्यभर गप्पच बसले. आता नाही बसायची.” आत्या वेलांटीबाईंकडे वळली. “पहिलीत होतीस तू. बाईंनी सगळ्यांना आपापलं आडनाव लिहायला सांगितलं. तू मधलं अक्षर गाळलंस. तुझी पाटी बाईंनी उंच धरून दाखवली, आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. घरी आलीस ती कॉटखाली जाऊन बसलीस. जेवेनास, बोलेनास. शाळेचं नाव काढलं की अंग थरथरायचं तुझं.”

“अक्का, लहान होती ती...”

“शेवटी हा तुला कडेवर घेऊन शाळेत गेला. भर वर्गात उभा राहिला आणि बाईंना म्हणाला, ‘हसता कशाला? माझ्या मुलीने बरोबर लिहिलंय. आमचं आडनाव असंच लिहितात.’”