उघडा कान

मायक्रोवेव्ह टिंग वाजला आणि पॉपकॉर्न घेऊन आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. आज माझ्या नवऱ्याने, वेंडेलने लिहिलेला पोलीस मालिकेचा भाग लागणार होता.

"व्हिडिओ गेम खेळणारी माणसं यावेळी खरी दिसतील, बघ तू," असं म्हणत त्याने मला सगळं विचारून घेतलं होतं. आमची मुलगी हेझल तान्ही असताना मी पाळण्याशेजारी गेम खेळायचे, तिच्यासाठी हेडफोनचा एक कान उघडा ठेवून.

पडद्यावरच्या बाईने माझाच जांभळा हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट बसवला होता. मागे बाळ रडून रडून गप्प झालं.

"अगं, एक कान उघडा ठेवला तर मी गुन्हा कुठून आणू?" वेंडेल हसला.

हेझल माझ्याकडे बघत होती.

"आई, मी किती वेळ रडत होते?"